थोरलीचं नाव

प्रिय सरूआत्या,

मी मांजरीची तेजस्विनी, तुमच्या धाकट्या भावाची, बजरंगची मुलगी. आपण कधी भेटलो नाही. आमची वंशावळ शोधायचं काम मी एका जाणकार बाईंना दिलं होतं. त्यांना लोणीच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात तुमचं नाव सापडलं आणि चौकशी करत करत तुमचा येरवड्याचा पत्ताही. बाबा आजवर सांगायचे, मला बहीण नाही. तुम्ही स्वतःच्या मर्जीनं लग्न केलंत म्हणून आजोबांनी तुमचं नाव टाकलं, हे काल पहिल्यांदा बोलले. मग वंशावळीवर बोट ठेवून म्हणाले, "तिचं नाव माझ्या आधी लिही. थोरली हाय ती."

हे पत्र आज पोस्टात टाकणार होते, पण बाबा सकाळपासून नवा सदरा घालून बसलेत. म्हणतात, "पत्र कशाला? रिक्षा बोलव."

तुमची भाची,
तेजस्विनी