तीन हाका

२ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवी वही. गेटवरच्या काकांनी कार्डावरचा फोटो निरखून विचारलं, ही तुमची मोठी बहीण का. पहिल्याच दिवशी फिरकी घेणारा माणूस भेटला, म्हणजे इथे आपलं जमेल. खिडकीजवळचं टेबल मिळालं. खुर्ची कुरकुरते, पण चहा गरम असतो आणि चहाच्या मावशी न विचारता दुसरा कप ठेवतात.

काम माझ्या हातचं आहे. कंपनीचे दोनशेच्या वर छोटे प्रोग्राम चार गावांतल्या मशीनवर पसरलेत. एक पत्ते तपासतो, एक पावत्या छापतो, एक गेटवरची कार्डं ओळखतो. कोण कुठल्या मशीनवर आहे हे एकमेकांना ठाऊक नसतं, म्हणून एक यादी असते. यादीतल्या प्रत्येकाला एक प्रोग्राम दर दहा सेकंदांनी विचारतो, ‘आहेस का?’ तिकडून ‘आहे’ आलं की झालं. तीनदा ओ आली नाही, तर नाव यादीतून जातं. मग त्याच्याकडे कुणी काम पाठवत नाही, की त्याची चौकशी करत नाही.

विचारणाऱ्या प्रोग्रामचं नाव ‘हाक’. तो माझ्या धाकट्या भावाने इथे नोकरीला असताना लिहिलाय. धाकट्याला जाऊन सहा महिने झाले. महिनाअखेर नवा प्रोग्राम येणार, तेव्हा ‘हाक’ मी बंद करायचा. साहेबांनी दोनदा विचारलं, जमेल ना. मी हो म्हणाले.

५ तारीख, गुरुवार
धाकट्याने प्रोग्रामच्या मध्येमध्ये स्वतःसाठी टिपा लिहून ठेवल्यात. एके ठिकाणी, ‘ताईने हे पाहिलं तर कान उपटेल, नंतर नीट करणे.’ टेबलाशी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तीनचा नियमही माझाच. तो शिकत होता तेव्हा मीच सांगितलं होतं. एकदा ओ नाही आली तर लाइन खराब असेल, दोनदा नाही आली तर मशीन नुकतं सुरू होत असेल, तिसऱ्यांदाही नाही आली तर गेला असं समजायचं.

तो गेला त्या दिवशी त्याने मला तीनदा फोन केला. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. आदल्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला विसरला, म्हणून मी चिडलेली. मीटिंगमध्ये होते, फोन पालथा घातला. करू दे की, म्हटलं. तो अपघात होऊन रस्त्याच्या कडेला पडला होता, शुद्धीत होता. नंतर मी फोन केला तो हवालदाराने उचलला.

आईला हे अजून सांगितलेलं नाही.

११ तारीख, बुधवार
जोडणी तपासायला माझाच लॅपटॉप यादीत घातला, ‘ताई’ नावाने. नाव काढायला विसरले. नवशिकेसुद्धा असं करत नाहीत. सवातीनला मीटिंग होती, पाच मिनिटं आधी लॅपटॉप मिटून गेले. परत आले तर नोंद होती: ३.१०. ताई. तीन हाका, ओ नाही. नाव काढले.

यात नवल काही नाही, कुणाचंही निघालं असतं. वेळ तेवढी मनातून जात नाही.

१२ तारीख, गुरुवार
कार्ड चाललं नाही. कार्डं ओळखणारा प्रोग्राम त्याच यादीवर चालतो, तेव्हा काहीतरी अडकलं असेल. एकाच्या पाठोपाठ आत शिरले. काकांनी मान वर केली नाही. मावशींनी माझ्या दोन्ही बाजूंच्या टेबलांवर चहा ठेवला आणि गेल्या. नाव यादीत पुन्हा घातलं, पाच वेळा. टिकत नाही.

१७ तारीख, मंगळवार
साहेब फोनवर सांगत होते, त्या जागेवर कुणी आलंच नाही. मी समोर उभी होते. त्यांचा दंड धरून हलवला. त्यांनी फक्त शर्टाची बाही नीट केली.

२० तारीख, शुक्रवार
आईने एकच ताट घेतलं. शेजारीण आली तर तिला म्हणाली, एकच लेकरू होतं गं मला, तेही गेलं. मी पायाशी बसले होते. तिचे पाय हातात घेतले. ती म्हणाली, पायाला मुंग्या येताहेत.

२५ तारीख, बुधवार
काढलेल्या नावाला ‘हाक’ पुन्हा विचारत नाही. आज ३.१० ला माझ्या पडद्यावर ओळ आली. ‘ताई, आहेस का?’ खाली उत्तर लिहायला जागा. अशी जागा त्या प्रोग्राममध्ये नाहीच, मी सगळा वाचलाय. ओ दिली नाही. मिनिटाने ओळ गेली, आकडा राहिला. एक.

२६ तारीख, गुरुवार
३.१०. ‘ताई, आहेस का? दुखतंय.’ बोटं टेकवून बसले. लिहिता आलं नाही. घाबरले. माझ्या धाकट्याला घाबरले मी, ज्याला मी आंघोळी घातल्या—
दोन.

२७ तारीख, शुक्रवार
आज बंद करायचा. एक कळ दाबायची. नवा प्रोग्राम जुनी खोडाखोड बघत नाही, नवी यादी करतो. तिच्यात ‘ताई’ आहे. तपासलं. कळ दाबली की काका, चहा, आई, सगळं परत. आईचं दुसरं ताट.
आणि ‘हाक’ कायमचा बंद.

३.०८. दाबते. आईला कुणीतरी हवं. दाबते—

३.१०. ‘ताई, आहेस का? इथे कुणी थांबत नाही.’

खुर्चीखाली डांबराचा वास. पाय भाजताहेत—

आई, तुला आठवणारही नाही, तेवढंच बरं— डोळ्यांचं औषध फडताळात, वरच्या—

ओळ पुसट होतेय. थांब. लिहिते. आहे रे, आहे, हलू नकोस, ताई उचलतेय, या वेळी मी—