हर्षालीला बघायला आले त्याची हकीकत

चिरंजीव फकिरा,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझी शुगर कशी आहे? मनीषाची कंबर आता वाकू देते का? राजचा खोकला गेला, की आइस्क्रीम चालूच आहे? आणि गिरणीतली ती जुनी मोटार, तिची धाप कमी झाली का? इकडे तुझे दाजी गुडघ्यांसकट बरे आहेत. मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून मीही बरी आहे. (फोन केला असता, पण मनीषा तो स्पीकरवर ठेवते आणि मग अख्खी घोटी ऐकते.)

तर, अंबडच्या रस्त्यावर हर्षालीचा पाय गेला, पाठोपाठ नोकरी गेली, तेव्हापासून आपल्या उंबऱ्याला स्थळ म्हणून कुणी शिवलेलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. मंगळवारी मी शेवंती खुडून येते तो दारात दोघं उभे. एक पोक्त, एक तरुण, बगलेत फाइल. "हर्षाली इथंच राहतात ना?" मी मनात म्हटलं, देवा, पावलास रे! (फुलबाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या वत्सलाबाईंना मी स्थळ बघायला सांगून ठेवलं होतं.) दाजी वाफ्यातून उठले ते थेट टोपी घालूनच आले. मी पोहे टाकले, वर खोबरं पेरलं.

आता तूच सांग, माझं काय चुकलं? त्यांनी वय विचारलं, शिक्षण विचारलं, सध्या काय करते विचारलं. मी काही लपवलं नाही. म्हटलं, पाय नाही, अपंगांचे सरकारी पैसे येतात, त्यात औषध आणि रिक्षा भागते, पण पोरगी सोनं आहे. पोक्त गृहस्थ म्हणाले, "आम्हाला सगळं माहीत आहे, ताई." माहीत असून आले! मला भरूनच आलं रे. घर कुणाच्या नावावर, तेही विचारलं. (ते सगळेच विचारतात.) मग म्हणाले, "मुलीचे मामा काय करतात?" मामाचा विषय निघाल्यावर मी हात आखडता घेईन का?

तेवढ्यात हर्षाली कुबडी टेकत बाहेर आली. दोघांकडे बघून म्हणाली, "शिक्षणाच्या कर्जाचं ना?"

दाजींनी टोपी काढली. तरुणाच्या तोंडात पोहे होते, ते गिळावेत की कसं, त्याला कळेना. बिचाऱ्याने उठून तिला खुर्ची दिली. "मॅडम, हप्ते फार थकलेत." ती म्हणाली, "घरातलं काय न्यायचं ते न्या. पाय मात्र एकच उरलाय, तो मला लागतो." मी हसले. एकटीच हसले, मग पदर तोंडाला लावला.

ज्या बँकेचं कर्ज, तिथंच तिचे अपंगांचे पैसे येतात. बँकेने ते खातंच अडवून ठेवलंय. पोरीने घरात अवाक्षर काढलं नाही, गोळ्या एक दिवसाआड घेत बसली. आणि मी बाजारभर सांगत फिरत होते, की आता तिला गोळ्या कमी लागतात! पोक्त गृहस्थ जाताना हळूच म्हणाले, "सोमवारी जामीनदाराला घेऊन बँकेत या, साहेबांना लेखी द्या. निदान हे पैसे सोडवता आले तर बघू." माणूस वाईट नव्हता रे. धंदा वाईट.

बाकी ठीक. मुलांना पापा.

तुझी,
साळूअक्का

ता. क. जामीनदार तू आहेस.

ता. क. दुसरा. मामा काय करतात याचं उत्तर मी असं दिलं: भाताची गिरणी, दोन मजली घर, नवी पिकअप, आणि मामीच्या पाटल्या. (त्या तिने मला विश्वासाने दाखवल्या होत्या. तिला सांगू नकोस.) तरुणाने सगळं लिहून घेतलं. गिरणीचा रस्ताही मीच समजावला, चुकू नयेत म्हणून.

ता. क. तिसरा. शनिवारी ते तुझ्याकडे येणार आहेत. पिकअप कुठं हलवायची ती हलव, पण सोमवारी तू मात्र इकडे ये. तुझ्याशिवाय बँकेत आम्हाला कुणी उभं करणार नाही, आणि पोरगी आता गोळीचे दोन तुकडे करायला लागली आहे. पत्र टेम्पोवाल्याच्या हाती देतेय, तो उद्या परत फिरेल. त्याच्याच हाती उत्तर धाड. शिव्या नंतर सवडीने लिही, आत्ता "येतो" एवढंच लिहिलंस तरी चालेल.