शेवटच्या घरची मावशी

आई, बुधवारपासून डोक्यात भुंगा लागलाय. स्वयंपाकात लक्ष नाही, दोनदा दूध उतू गेलं. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? कॅनॉल बुजवून त्यावर रस्ता झाला, काठावरची आपली वस्ती उठली, माणसं कुठल्या कुठे पांगली, ते तू पाहिलंसच. नव्या खोलीत घरात नळ आला तरी तुझा जीव रमला नाही, आणि मला तुझा रागच यायचा.

धरणातून पाणी सुटलं की आधी आपल्या दारात यायचं, कारण आपलं घर पहिलं. पण शेवटच्या घरचे हंडे भरल्याशिवाय कुणी धुणं बुडवायचं नाही, ही वस्तीची रीत. तिकडची मावशी "भरलं गं!" म्हणून हाळी द्यायची आणि ती दारोदार होत आपल्यापर्यंत पोचायची. एकदा मी घाईने शाळेचा फ्रॉक आधीच बुडवला, तर तू मला तशीच पिटाळलंस. "जा, मावशीला सांग, तुमच्या हंड्यात माझा मळ आलाय." मी रडत रडत वस्तीभर चालतेय, बायका दारात उभ्या राहून हसताहेत. मावशीने भरलेला हंडा ओतून दिला, पदराने माझं नाक पुसलं. म्हणाली, "तुझी आई लय कडक हाय बाई!"

बुधवारी ती भाजीबाजारात शेवंती विकताना दिसली. केस पांढरे झालेत, आवाज तोच. मला ओळखून तिने पहिलं काय विचारावं? "आई कशी हाय गं? आजून तशीच कडक हाय का?" तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हिला पत्ता नाही! वस्ती असती तर घटकाभरात कळलं असतं. आम्ही तरी कळवणार कुणाला, कुणाचा ठावठिकाणा होता? माझ्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे." मावशी अशी खुलली की पुढे माझी जीभच रेटेना. "रविवारी येते, तिला सांगून ठेव," म्हणाली. पत्ताही मीच दिला.

उद्या रविवार. सकाळपासून तेच तेच घर झाडतेय. शिरा करावा की पोहे, तेही ठरत नाही. मावशीला खरं सांगणारच आहे मी. पण दारातून ती तुला एकदा हाक मारेल, तेवढी मारू दे, म्हणून तुझा हार घातलेला फोटो आत्ताच भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला.