बाई, तुमच्या भावाविषयी

बाई, तुमचे भाऊ गेले. त्यांच्या मुलीचा काल फोन आला होता. झोपेतच गेले म्हणाली, त्रास झाला नाही. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे की, आता तुम्हाला सांगायला हवं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सांगायला हवं असं वाटणं काही थांबत नाही.

मी तुम्हाला बाई म्हणतेय. समोर कधी म्हटलं नाही. डिपार्टमेंटमध्ये सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारायचे, पण माझ्या तोंडून ते शेवटपर्यंत नीट निघालं नाही. म्हणून मी हाकच मारायची नाही. दारात येऊन उभी राहायची आणि तुम्ही मान वर करेपर्यंत थांबायची. नागपूरला आमच्या शाळेत शिकवणारीला बाई म्हणायचे, आणि मनातल्या मनात तुम्ही पहिल्या आठवड्यापासून बाईच होतात. लिहितेयही मराठीत. इंग्रजीत लिहायला घेतलं की तुमचं लाल पेन दिसायला लागतं. तुमच्या इंग्रजी 'यू'चं मी इथे 'तू' करणार आहे, कारण माझ्याशी बोलताना तुमच्या आवाजात तेच असायचं.

नव्वदच्या दशकातला माझा तो पहिला हिवाळा आठवतो. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेतल्या अपार्टमेंटमधून मी कापडी बूट घालून तुमच्याबरोबर ओढ्यावर पाणी मोजायला आले होते. नद्या, पूर, पाणी कुठवर चढतं हा तुमचा अभ्यास, आणि तोच शिकायला मी एवढ्या लांब आलेली. पाण्यात पाय टाकला आणि माझे दात वाजायला लागले. तुम्ही सामान गाडीत टाकलंत, मला दुकानात नेलंत आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन दिलेत. मी आभार मानायला लागले तर म्हणालात, "मला गारठलेली विद्यार्थिनी परवडत नाही. आकडे चुकतात." आणि तिथूनच मला वेस्ट विंडसरला तुमच्या घरी घेऊन गेलात. स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या खुर्चीवर मी बसलेय, पाय टॉवेलात गुंडाळलेले, आणि तुम्ही आयर्लंडला फोनवर बोलताय. खिदळताय अक्षरशः. तुम्हाला असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. फोन ठेवून म्हणालात, "माझा भाऊ. दर रविवारी चर्चमधून आला की फोन करतो आणि गावभरच्या चहाड्या सांगतो."

भाऊ तिकडे कौन्सिलवर निवडून आलेले होते, आपल्याकडे नगरसेवक असतात तसे. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाच्या रस्त्यावर दिवा नाही, सगळे त्यांच्याकडे. तुम्हाला त्याचा अभिमान होता. मग एका थंडीत तुमच्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. तुमच्या गावाबाहेर नदीला लागून एक कुरण होतं. हिवाळ्यात तिथे कुणी गाई सोडत नसे, कारण तिथे पाणी भरतं. ते घरांसाठी खुलं करायचा ठराव कौन्सिलने आपल्याच इंजिनिअरांचा सल्ला डावलून केला होता. आमच्याकडे जमीन एन.ए. करतात, तसंच. ठराव तुमच्या भावांनी मांडला होता. घरं झाली, तरुण जोडपी राहायला आली, आणि त्या थंडीत नदी त्यांच्या बैठकीच्या खोल्यांत शिरली. मैत्रिणीचं घर त्यातलंच. ती म्हणाली, चौकशी नेमली आहे, आम्हाला तुझ्यासारखं कुणीतरी हवं, तू याच गावची आणि नद्यांची प्रोफेसर. येशील का?

मार्चमध्ये आयरिश परेड असते, त्यासाठी तिकडची पुढारी मंडळी सरकारी खर्चाने न्यूयॉर्कला यायची. त्या वर्षी तुमचे भाऊही आले आणि एक संध्याकाळ काढून ट्रेनने तुमच्याकडे आले. तुम्ही मला आणि माझ्या रूममेटला जेवायला बोलावलंत. आता वाटतं, एकट्याने त्यांच्यासमोर बसायचं तुमच्या जिवावर आलं असावं.

बाई, मला ते फार आवडले. उंच, लालबुंद चेहऱ्याचे, आवाज सगळ्या घरभर. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, वडील काय करतात विचारलं, आईचं नाव विचारलं, ते दोनदा म्हणून बघितलं आणि जेवणभर अगदी बरोबर उच्चारलं. बटाटे त्यांनीच सोलले. रूममेट पुण्याची, चटकन कुणावर खूश न होणारी, पण तीही माझ्या कानाशी लागली, "किती स्वीट आहेत यार हे! आपल्या एखाद्या काकांसारखे."

जेवण होत आल्यावर तुम्ही सरळच विचारलंत, "त्या कुरणाचा ठराव तू का मांडलास?"

ते हसले. "जेवताना कौन्सिल नको."

"मी चौकशीत बोलणार आहे. त्याआधी तुझ्याकडून ऐकायचंय."

"गावातली पोरं तुझ्या या अमेरिकेत पळत होती. त्यांना घरं नकोत?"

"टेकडीखाली कोरडी जमीन होती."

"ती विकायला नव्हती."

"इंजिनिअरांनी लेखी सांगितलं होतं, इथे पाणी येतं."

"कोण काय म्हणालं ते मला आता आठवत नाही गं," ते म्हणाले आणि पावाचा तुकडा मोडत बसले.

मला अवघडल्यासारखं झालं. पाहुण्यासमोर काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हटलं, "आमच्याकडेही असंच चालतं. सगळीकडे असंच असतं."

तुमच्या भावांनी टेबलावर थाप मारली. "बघ! या मुलीला कळतं."

तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळलात. "सगळीकडे असंच असतं म्हटलं की मग कुणालाच जबाब द्यावा लागत नाही. हे असं आयतं त्याच्या हातात देऊ नकोस."

माझे कान तापले. आईवडिलांनीही मला कधी परक्यासमोर असं झापलं नव्हतं. भावांनी लगेच विषय बदलला, परेडमधला कुठलासा किस्सा सांगितला, आणि रूममेट हसलीसुद्धा. मी नाही हसले.

नंतर त्यांना स्टेशनवर सोडून तुम्ही आम्हाला पिस्कॅटवेला पोचवायला आलात. रूममेट उतरून वर गेली आणि मी मात्र गाडीतच बसून राहिले. मग मी तुम्हाला आमच्या वस्तीतल्या नगरसेवकाबद्दल सांगितलं. आमचा माणूस. जयंतीची मिरवणूक त्यांच्याशिवाय निघायची नाही. माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनसाठी ते स्वतः माझ्या वडिलांबरोबर रांगेत उभे राहिले होते. आणि मुलींच्या होस्टेलसाठी आलेला निधी त्यांच्याच हाताखाली विरला. भिंती उठल्या, छप्पर कधी चढलं नाही. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. "आम्हाला नावं ठेवायला लोक आधीच टपलेले असतात," मी म्हटलं. "त्यांच्या हातात आपणच कोलीत कसं द्यायचं?"

मला वाटलं, तुम्ही मला काही शिकवाल. पण तुम्ही म्हणालात, "आमच्याकडेही तेच. इंग्रज गेले, त्यानंतर खुर्चीवर बसलेला प्रत्येक माणूस आमचाच होता. आपल्याच माणसाला विचारायचं कसं, म्हणून आम्ही विचारलंच नाही." आणि पुढे म्हणालात, "मला त्याला माफ करायचंय. खरंच करायचंय. पण तो म्हणतो आपण काही केलंच नाही. मग माफ काय करू?"

उन्हाळ्यात तुम्ही आयर्लंडला गेलात आणि चौकशीत बोललात. परत आल्यावर त्याच स्वयंपाकघरात मला सांगितलंत. खोली माणसांनी भरलेली, भाऊ पहिल्या रांगेत, आणि तुम्ही नकाशावर हात ठेवून पाणी कुठून येतं, कुठवर चढतं ते दाखवताय. मग त्यांची पाळी आली. प्रत्येक प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर: आठवत नाही. माझ्या आईचं परभाषेतलं नाव एका संध्याकाळीत पाठ करणारा माणूस! अहवाल आला तेव्हा त्यात 'कार्यपद्धतीतल्या त्रुटी' होत्या, माणूस एकही नव्हता. नदीला एक बुटका बांध घातला गेला. पुढच्या निवडणुकीत तुमचे भाऊ आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. गावातल्या लोकांचं म्हणणं, बहीण अमेरिकेत बसून शहाणपणा शिकवते, अडीअडचणीला धावतो तो हाच. आणि ते धावायचे, हेही खोटं नव्हतं.

रविवारचे फोन बंद झाले. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत, पण मला रविवारी घरी बोलवायला लागलात. कधी मी पिठलं करायची, कधी तुम्ही सोडा घालून पाव भाजायचात. एकदा तुमच्याकडे जेवायला आलेला एक आयरिश प्राध्यापक बोलण्याच्या ओघात तुमच्या भावांना चोर म्हणाला. तुम्ही त्याला म्हणालात, "त्याने काय केलं ते मी सगळ्यांसमोर सांगून आलेय. त्याला शिव्या द्यायला मी तुला बोलावलेलं नाही." तो गेल्यावर तुम्ही बेसिनपाशी उभ्या राहून बराच वेळ एकच कप विसळत होतात. मी तुमच्या हातातून तो घेतला.

त्यानंतरच्या सुट्टीत मी नागपूरला गेले तेव्हा आमच्या नगरसेवकांच्या घरी जाऊन, त्यांच्या समोर बसून विचारलं, "काका, होस्टेलच्या छपराचं काय झालं?" त्यांचा चेहरा पडला. मग प्रेमाने चहा मागवला, म्हणाले, "बेटा, तुझ्यासारखी शिकलेली मुलगीच असं बोलायला लागली तर आम्ही कोणाकडे बघायचं?" वडील माझ्याशी सुट्टी संपेपर्यंत नीट बोलले नाहीत. छप्पर त्या वेळी तर नाहीच चढलं. परत येऊन मी तुम्हाला हे सगळं सांगितलं, वाटलं शाबासकी द्याल. तुम्ही एवढंच विचारलंत, "चहा चांगला होता?" मी म्हटलं, फार चांगला होता. "तोच तर त्रास असतो," तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघी हसत सुटलो.

मग तुमचं दुखणं निघालं. त्या काळात भावांचा एकदा फोन आला होता. मी तुमच्या उशाशी होते. तुम्ही दोघं हवामानावर बोललात. तिकडे पाऊस, इकडे उकाडा. तुम्ही मधे मधे थांबत होतात, त्यांना बोलायला जागा ठेवत होतात. त्यांनी सांगितलं, या वर्षी गवत चांगलं वाढलंय. फोन ठेवून तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

तुमच्या अंत्यविधीला ते आले. हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतेय. चर्चमध्ये सगळ्यांत मागे बसले. नंतर पार्किंग लॉटमध्ये, ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात, काळा कोट घालून माझ्या गाडीपाशी आले. मला ओळखलं, आधी माझ्या आईची विचारपूस केली, नावानिशी. मग म्हणाले, "माझ्याबद्दल ती काही बोलायची का?"

मी म्हटलं, "तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून वाट बघायच्या."

ते गाडीच्या टपावर हात टेकून उभे राहिले. पत्रा चांगलाच तापला असणार, पण त्यांनी हात उचलला नाही. "आम्ही दोघं लहानपणी त्या कुरणात होडी चालवायचो," ते म्हणाले. "हिवाळ्यात. जुन्या दाराची फळी होती, तिच्यावर बसून. ती पुढे, मी मागे. मला माहीत होतं. ठरावाला हात वर केला ना, तेव्हा मला ते पाणी दिसत होतं."

बाई, ते बोलले. तुम्हाला ऐकायचं होतं तेच बोलले.

मी विचारलं, "हे तिकडे जाऊन सांगाल?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "माझी मुलगी तिथल्या शाळेत शिकवते. त्या घरांतली पोरं तिच्या वर्गात बसतात." मग एखाद्या दमलेल्या मुलासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "तिने मला माफ केलं असतं?"

मी म्हटलं, "केलं होतं."

तुम्ही मला तसं कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा पिळवटला, त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि दोनचार माणसं बघत असताना रडले. त्या घरांतल्या लोकांच्या वतीने मी माफीचं काही बोलले नाही, तेवढं भान राहिलं. त्या लोकांना जे ऐकायचा हक्क होता ते न्यू जर्सीतल्या एका पार्किंग लॉटमध्ये मी एकटीने ऐकलं, आणि भाऊ घरी जाऊन मरेपर्यंत गप्प राहिले. पण तुमच्या वतीने मी बोलले, तुम्हाला न विचारता. काल त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, बाबा नेहमी सांगायचे, आत्याने त्यांना माफ केलं होतं. मी हो म्हटलं. पुन्हा एकदा हो म्हटलं.

तुम्ही असतात तर यावर काय म्हणाला असतात, त्याचा मला अंदाज आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, याचं आज पहिल्यांदा बरं वाटतंय.