दारावरची पाटी

ग्वाल्हेर, मंगळवार

चि. भालचंद्र यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी इथे मजेत आहे, काळजी करू नकोस. "आई, तुझा वेळ जाईल," म्हणत हेमेंद्रने मला न विचारताच किला गेटजवळ कलेच्या वर्गात घातलं. तिथे बाहेरगावचे कलाकार येऊन शिकवतात. या वेळी कच्छच्या रमीबेन होत्या. पांढऱ्या मातीच्या वळ्या फळीवर चिकटवायच्या आणि मध्ये आरसे बसवायचे. माझा कडबोळी वळलेला हात, लगेच जमलं!

सगळ्यांनी आपापल्या घराची पाटी केली. मी वाईच्या माझ्या दारासाठी केली, ‘सुधा’ एवढंच नाव. तुझ्याकडे पाठवणार होते. दुपारी झोपून उठले, तर इथल्याच दाराला ठोकलेली! सूनबाई म्हणाली, "आई, आता परेशान नका होऊ. इथेच रहायचं." गरिमा मनाने चांगली आहे रे. तिला काय बोलणार?

काल गावी परतताना रमीबेननी विचारलं, "आप घर कब जाओगी?" आता दुसरे कलाकार येणार आहेत. त्याही वर्गात हेमेंद्रने माझं नाव घातलंय.

तुझा गुडघा कसा आहे? माझ्या घराच्या खिडक्या अधूनमधून उघडतोस ना? हेमेंद्र तुला फोन करतो तेव्हा बाल्कनीत जाऊन बोलतो. काय बोलतो? किल्ली कुणाला देऊ नकोस.

मी तर चार दिवसांची पाहुणी म्हणून आले होते. पाहुण्याच्या नावाची पाटी कुणी लावतं का रे?

तुझी,
सुधाताई