मशीनचं दावं

संगमनेर
८ ऑक्टोबर २०२५

ती. केशरमावशी यांस,

सहादेवचा वाकून नमस्कार. संस्कृती, हे पत्र तू आजीला वाचून दाखवशील हे मला माहीत आहे. मोठ्यानं वाच, आणि मधलं काही गाळू नकोस. तुझ्या आजीला गाळलेलं लगेच कळतं.

आधी हिशेब. तुमचं काळं शिलाई मशीन मला खरं कितीला पडलं? तुमच्या ज्ञानेश्वरच्या हातावर ठेवले अडीच हजार. राजूरहून टेम्पोचे नऊशे. घाटात टेम्पो आदळला, फळीचा कोपरा उडाला, त्याचे सुतारानं घेतले तीनशे. नंतर तुमच्या दारात ज्या खेपा झाल्या त्यांचं पेट्रोल मी धरत नाही, कारण दर खेपेला तुम्ही चहा पाजलात आणि निघताना काळभाताची पिशवी हातात दिलीत. त्या तांदळाचा भाव लावला तर मशीन मला फुकट पडलं, आणि वर तुमचंच माझ्याकडे काही निघतं. तेच फेडायला हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं हाय, ठिवते" एवढंच म्हणता आणि ठेवता.

इकडे सगळं ठीक. पाऊस जरा जास्तच झाला, दुकानाच्या मागच्या भिंतीला ओल आली. दिवाळीमुळे दुरुस्तीला मशीनं यायला लागलीत. तुमच्याकडे भात कसा आहे? लोंब्या धरल्या का, ते ज्ञानेश्वरला कळवायला सांगा.

मावशी, माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून आठवडे बाजारांत मशीनं दुरुस्त करत फिरायचो. आज बाजारपेठेत स्वतःचं दुकान आहे. मला ना शाळेनं काही दिलं ना वडिलांनी. जे दिलं ते कानांनी. कुठलंही मशीन दाराबाहेर उभं राहून ऐकलं की मी सांगतो: पट्टा ढिला आहे, सुई वाकडी आहे, की चालवणारीचं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे आहे. लोक पैजा लावतात आणि चहा हरतात. डोळ्यांना फसवणारे पुष्कळ भेटले. माझ्या कानांना अजून कोणी फसवलेलं नाही.

तुम्ही मात्र मलाच फसवलंत! तुमच्या ओसरीवर मी चाक फिरवून ऐकलं. काय गोड आवाज! लोण्यातून सुरी जावी तसा. सौदा झाला, आणि तुम्ही म्हणालात, "च्या घ्या की, पावनं." मी आत चहा पीत बसलो आणि तुम्ही बाहेर त्याचं शटल काढून कनवटीला लावलंत. संस्कृती, तू बहुतेक पाहिलं नसशील. जुन्या मशीनमध्ये खालचा दोरा होडीसारख्या एका लोखंडी तुकड्यात असतो. करंगळीएवढी वस्तू. ती नसेल तर मशीन नुसतं धावतं, शिवत नाही. आणि इतक्या जुन्या मशीनची ती बाजारात मिळत नाही.

घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या आठवड्यात परत तुमच्या दारात. आपलं बोलणं मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे.

"मावशी, मशीनचं शटल इकडेच राहिलं वाटतं."

"राहिलं न्हाई. म्या ठिवलंय."

"पण पैसे तर पुरे दिलेत."

"गाईचं बी पुरं पैसं देत्यात. तिच्यासंगं दावं देतंय का कुनी? दावं घरचं घरात ऱ्हातं."

"अहो, दाव्याशिवाय गाय दूध देते. शटलशिवाय मशीन कसं शिवणार?"

"मंग नगा शिवू."

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ज्ञानेश्वर खाली मान घालून उभा होता. मशीन विकायचं त्याच्या मनात होतं, तुमच्या नव्हतं, हे मला तिथंच उमगलं. पण मी व्यापारी माणूस. सौदा मोडला नाही. पुढं भंडारदऱ्याकडे कामानिमित्त आलो की तुमच्याकडे डोकवायचो. "मावशी, दावं?" "आजून न्हाई." एवढ्यावर आपलं नातं जमलं.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगतो. शिर्डीच्या एका हॉटेलवाल्यानं माझ्याकडून जुनी मशीनं उचलली. त्याला ती शिवायला नको होती. वरचं मशीन काढून भिंतीवर मांडायचं आणि खालच्या लोखंडी पायांवर काच टाकून टेबल करायचं, अशी हल्ली फॅशन आहे. तुमचंही त्यात जाणार होतं. मी ते मागं ठेवलं ते काही मायेनं नाही. म्हटलं, म्हातारी आज ना उद्या शटल देईल, मग पुऱ्या मशीनचा भाव वेगळा. बाकीची सगळी गेली. तुम्ही दावं ठेवून घेतलं नसतं, तर तुमच्या मशीनवर आज कोणीतरी इडली-सांबार खात बसलं असतं.

ते राहिलं, म्हणून सौ. ज्योतीला मिळालं. तुम्ही तिला न बघताच सूनबाई म्हणता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं हे तुम्हाला ठाऊक आहे. नस फार दिवस दबलेली होती. दुखणं गेलं, पण उजवं पाऊल लुळं पडलं. डॉक्टर म्हणाले, पाऊल हलवत राहा. ही ऐकेना. "रिकामा पाय हलवत बसायला मी काय पाळण्यातलं पोर आहे?" माहेरी असताना तिच्या हातचे झंपर घ्यायला बायका रांग लावायच्या. अशा बाईला हवेत पाय हलवायला कसं जमावं?

एक दिवस ती काठी टेकत दुकानात आली आणि पडद्यामागं तुमच्या मशीनवर बसली. बाकीची मशीनं गिऱ्हाइकांची. हे कोणाचं नाही, सुई काढलेली, बोटात घुसायची भीती नाही. पायडल हलवायला लागली.

मी गल्ल्यावर बसून ऐकायचो. पहिले महिने आवाज ऐकवत नव्हता. दोन फेरे, की अडखळलं. एक फेरा, की चाक उलटं. मग उन्हाळ्यात एका दुपारी सलग चाललं. अडखळ नाही, ओढ नाही, घड्याळासारखं. मी गिऱ्हाइकाचे सुटे पैसे हातात तसेच धरून उभा राहिलो. म्हटलं, पाय आला! पडद्याआड डोकावायचीही गरज वाटली नाही. कान आहेत ना. तसाच निघालो, पेढे आणले, सगळ्या पेठेत वाटले. ज्ञानेश्वर त्या दिवशी बाजाराला आला होता, त्याच्याजवळ तुमच्यासाठी पुडा दिला. चालताना तिचं पाऊल घासायचं, काठीही सुटली नव्हती. मी सगळ्यांना सांगायचो, आधी बसून येतं, उभ्यानं यायला वेळ लागतो.

आणि नवरात्रात ज्ञानेश्वर शटल घेऊन आला. म्हणाला, "आई म्हनली, सूनबाईचा पाय आला, आता दावं सोडलं." मावशी, दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून, नाहीतर मी तिथंच रडलो असतो. तुमच्या जुन्या झंपरात गुंडाळलेलं होतं. तुम्ही तो चिंधी म्हणून गुंडाळलात की कसं, मला माहीत नाही. ज्योतीनं उलगडला, बाह्या ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "माप पाठवलंय त्यांनी."

खंडेनवमीला मशीनची पूजा केली, झेंडू वाहिले, त्या दिवशी मशीनला सुट्टी. दसऱ्याला शटल बसवलं. चामड्याचा पट्टा जुना झाला होता, नवा चढवायला मी मशीनखाली उताणा पडलो. चढवला आणि ऐकायला डोळे मिटून खालूनच म्हणालो, "हं, चालव."

चाललं. तोच आवाज, घड्याळासारखा. मी डोळे उघडले.

पायडलच्या मधोमध एकटा डावा पाय होता. उजवा बाजूला फरशीवर ठेवलेला, पाहुण्यासारखा.

"ज्योती, उजवा?"

"तो बसलाय. बघतोय."

"कधीपासून?"

"आधी दोन्ही ठेवायची. उजवा मध्ये यायचा, म्हणून तुटायचं. मग त्याला खाली ठेवला, तेव्हापासून सरळ चालतंय."

"मला सांगायचंस तरी!"

"सांगणार होते. तुम्ही पेढे वाटून आला होतात." पायडल थांबवून म्हणाली, "इतकं हसताना तुम्हाला वर्षभरात पाहिलं नव्हतं. उठा आता, शर्टाला तेल लागेल."

मी उठलो. ती तुमच्या नव्या झंपराचं कापड कापायला बसली.

तो झंपर या पत्राबरोबर ज्ञानेश्वरच्या हाती देतो आहे. तुमचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, असं ती म्हणते. खणाचा आहे, आतून अस्तर लावलंय. गळ्याची शिवण एका जागी दोनदा घातली आहे, ती खपवून घ्या. घालून बघा आणि कुठं काचलं तर बिनधास्त शिव्या द्या. आता दुकानात तिच्याकडे पेठेतल्या दोघींची कापडं येऊन पडलीत. पडद्यामागून गाणंही ऐकू येतं. हे सगळं तुमच्या कनवटीतून आलं, मावशी. या उपकाराला माझ्याकडे भाव नाही.

पण तुम्ही दावं सोडलंत ते पाय आला असं ऐकून, आणि तसं सांगणारा मी. तेव्हा ते शटल अजून तुमचंच. परत मागितलंत तर मी स्वतः आणून देईन आणि तुमच्या ओसरीवर चहा पिईन.

उजवं पाऊल आजही उचलत नाही.

तुमच्या दाव्याला बांधलेला,
सहादेव