होळीतलं तांबं

आप्पा, धूर वर जातो आणि तांबं खाली राहतं, मग आपलं काय जातंय, हे तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. पण तुम्ही ऐकून घेणाऱ्यातले नव्हतातच. श्रीरामपूरजवळ आपल्या बेलापुरात सायकलवर भंगार गोळा करायचात, जुने टीव्ही, रेडिओ, चार्जर, जळालेल्या पाण्याच्या मोटारी. वायरी सोलत बसलं तर दिवस जातो म्हणून त्या जाळायच्या. एरवी धुरावरून शेजारी भांडायचे, पण होळीला कोण बोलणार? साठवलेल्या वायरींचं भेंडोळं तुम्ही गोवऱ्यांच्या तळाशी सरकवायचात. लोक बोंब मारतायत, हिरवा जाळ निघतोय, पोरं टाळ्या पिटतायत आणि तुम्ही कडेला हाताची घडी घालून उभे. सकाळी राख उकरून तांबं काढायचं. त्याच निखाऱ्यांवर अख्खी आळी पाणी तापवायची, पोरांना न्हाऊ घालायला, ऊन बाधू नये म्हणून.

मी आता गुजरातेत आहे. सातवीतून पळालेल्याला दुसरं काय मिळणार? तुमचंच काम, फक्त पत्र्याच्या शेडमध्ये. जुने कॉम्प्युटर, टीव्ही खोलायचे. वायर मशीन सोलतं, तांबं एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, जाळायचं काहीच नाही. टीव्हीची काच तुम्ही नदीकडेला फोडून टाकायचात, इथं तिला हातमोज्याशिवाय शिवू देत नाहीत, शिसं असतं म्हणे तिच्यात. काम चांगलं आहे, आप्पा. पण दिवसभर एका स्टुलावर, संध्याकाळी गेटवर खिसे नि बूट तपासून घ्यायचे, मग पाच जणांची खोली. तुमच्या सायकलमागं गावोगाव हिंडलेले पाय माझे, इथं चार पावलांवर भिंत येते. मध्येच सोडून निघालो तर ठेकेदाराकडं अडकलेला पगार बुडतो.

आणि तिकडं तुमच्या माघारी तुमचं काम आई करते. माझी बायको आणि तान्ही लेक तिच्याजवळच. त्यांना या खोलीत आणू कुठं? यंदा धुळवडीला बायकोचा दबक्या आवाजात फोन आला. आईनं होळीत वायरी घातल्या, सकाळी त्याच निखाऱ्यावरच्या पाण्यानं पोरीला न्हाऊ घातलं, कपाळाला राखही लावली. पोर रात्रीपासून खोकतीय. मी आईला फोन लावून नाही नाही ते बोललो. तो धूर पोरांच्या छातीत बसतो, आप्पा शेवटी कसे खोकत होते ते विसरलीस का, असंही बोलून गेलो. ती शांतपणे म्हणाली, "तुला बी त्याच पान्यानं न्हाऊ घातलंय. मेलास का तू?"

वर म्हणाली, "वायर तशीच दिली तर हातात काय पडतं? सोलाय माझी बोटं चालत न्हाईत. तू ये हितं, सोलत बस."

ये म्हणते. तेच तर जमत नाही.

फोन करकरून शेवटी श्रीरामपुरात एक जण सापडला, माल न जाळता आमच्यासारख्या कारखान्याकडं पाठवणारा. आईनं सगळं तसंच पोत्यात भरून त्याला द्यायचं आणि भावात जे तुटेल ते मी भरायचं, असं ठरलंय. ती हो म्हणाली, पण पैसे आधी. आळीतल्यांनाही फोनवर सांगत असतो, बंद मोबाईल, रिमोट, चार्जर होळीत नाहीतर नदीत टाकू नका, आमच्या घरी आणून द्या. तर म्हणतात, भंगारवाल्याचं पोरगं आता आम्हाला कचरा शिकवाय लागलं. म्हणू देत. शेजारच्या आजीनं तरी चुलीजवळ ठेवलेला बॅटरी फुगलेला मोबाईल उचलून आईकडं दिला.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, उशीखालीच राहील. म्हणून एक सांगून टाकतो. इथं रस्त्याकडेला कुणी वायर जाळत असलं की मी नाकाला रुमाल लावतो, लोकांना रागवतो, आणि त्याच वेळी मला सपाटून भूक लागते. तांबं विकलं की तुम्ही मटण आणायचात ना. पोटाला अजून तेच ठाऊक आहे.

दर महिन्याला जमेल की नाही, सांगता येत नाही. या महिन्याचे आईला पाठवतोय, तेवीसशे रुपये.